सेकंडच्या वहीतून उभा राहिलेला रेझ्युमे

सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात मी अनेक वर्षे तपासणी आणि पॅकिंग विभाग सांभाळला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, त्यानंतर आमच्या निर्यातीच्या ऑर्डरी रोडावल्या, दोन पाळ्यांची एक पाळी झाली आणि प्रत्येक विभागाला स्वतंत्र प्रमुख ठेवणे कारखान्याला परवडेनासे झाले. मालकांनी ही परिस्थिती मोकळेपणाने समोर ठेवली आणि दुसरी नोकरी पाहण्यासाठी पुरेसा अवधीही दिला, त्यामुळे मिळेल ते काम पत्करण्याची वेळ माझ्यावर आली नाही. त्या अवधीत मी स्वतःचा रेझ्युमे मुळापासून नव्याने लिहिला. तो लिहिताना काय काय करावे लागले, ते सविस्तर सांगावेसे वाटते, कारण आपल्याकडे उत्तम काम करणारी पुष्कळ माणसे आहेत आणि त्यांच्या कागदावर त्या कामाचा मागमूसही नसतो.

माझे आजोबा जुन्या मिलमध्ये मागावर होते. त्या काळी मिलमध्ये माणूस लागायचा तो जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, शब्दावर. कोणाचा हात चांगला आहे, कोणाच्या मागावर ताणा, म्हणजे उभे सूत, कमी तुटतो, कोण विनाकारण खाडा करत नाही, हे जॉबरला तोंडपाठ असे आणि त्याने एखाद्याच्या पाठीवर हात ठेवला की कागदाची गरज उरत नसे. आज निवड करणारी व्यक्ती पुष्कळदा पुण्यात किंवा मुंबईत बसलेली असते, तिने आपले काम कधी पाहिलेले नसते आणि आपल्याला ओळखणारा जॉबर तिच्या शेजारी उभा नसतो. त्यामुळे जॉबर जे तोंडाने सांगत असे, ते आता कागदाने सांगायला हवे, आणि नेमके तेच आपल्या बायोडेटात आढळत नाही.

सोलापुरात सर्रास दिसणारा बायोडेटा एका ठरावीक घडणीचा असतो. वर मधोमध ठळक शीर्षक, त्याखाली नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, येणाऱ्या भाषा, दहावीपासूनच्या टक्केवारीचा तक्ता, मग अनुभव म्हणून कारखान्याचे नाव आणि वर्षे, आणि शेवटी वरील माहिती खरी असल्याचे निवेदन व सही. माझ्याकडचा कागदही याच वळणाचा होता. त्यात अनुभवापुढे मालाची तपासणी करणे, पॅकिंगवर देखरेख ठेवणे आणि कामगारांची हजेरी घेणे अशा तीन गोष्टी होत्या. तिन्ही खऱ्या होत्या, पण माझ्या जागी दुसरे कोणीही असते तरी त्या त्याला जशाच्या तशा लागू पडल्या असत्या. मला काम नेमून दिले होते, एवढेच त्यातून कळत होते. ते काम माझ्या हातून कसे झाले, मी त्या जागेवर आल्यानंतर काय बदलले, याचा त्यात पत्ता नव्हता.

सोलापूरजवळच्या चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याची जाहिरात त्याच सुमारास पाहण्यात आली. गुणवत्ता विभागासाठी वरिष्ठ अधिकारी हवा होता आणि अपेक्षा स्पष्ट लिहिल्या होत्या: निर्यातीच्या मालाची नमुना-तपासणी करण्याचा अनुभव, नाकारल्या जाणाऱ्या मालाचे प्रमाण कमी केल्याचा अनुभव, कामगारांच्या गटाचे नेतृत्व आणि एक्सेलमध्ये अहवाल तयार करण्याची सवय. मी एक वही घेतली, डाव्या पानावर जाहिरातीतील एकेक अपेक्षा उतरवली आणि उजव्या पानावर त्या अपेक्षेसमोर माझ्या कामातील प्रत्यक्ष घडलेली गोष्ट लिहायला बसले. उजवे पान बराच वेळ कोरे राहिले. काम भरपूर केले होते, पण वर्षानुवर्षे रोज तेच केल्यावर त्यातील काय सांगण्यासारखे आहे ते स्वतःला दिसेनासे होते. मला वाटते, बहुतेकांचे घोडे इथेच अडते आणि मग माणूस 'मेहनती', 'प्रामाणिक', 'संघभावनेने काम करणारा' अशी विशेषणे लिहून पान भरतो.

उजवे पान भरायला सुरुवात झाली ती माग विभागाच्या अण्णांमुळे. अण्णा तेलुगुभाषक, पिढ्यान्‌पिढ्या मागावर हयात घालवलेल्या घरातले आणि माझ्याहून वयाने बरेच वडील. मी त्यांना सहज विचारले की, अण्णा, मी या विभागात आल्यापासून काय बदलले असे तुम्हाला वाटते. ते म्हणाले, "ताई, सुटीच्या दुसऱ्या दिवशीचे टॉवेल वेगळे काढायला तुम्हीच लावलं की! तवापासून तेलाची बोंब कमी झाली." मी म्हटले, "अण्णा, माग तर तुम्ही पुसून घेतले, मी फक्त वही दाखवली." त्यावर ते म्हणाले, "वही दाखवली म्हणून तर कळलं. आमी माग बघतो, वही कोण बघतंय?"

ही वही म्हणजे तपासणी विभागातील सेकंडच्या, म्हणजे दोष निघालेल्या दुय्यम प्रतीच्या, मालाची नोंदवही. टेरी टॉवेल मागावरून उतरला, धुलाई आणि रंगाई झाली, लांबी कापून किनारी शिवल्या की तो आमच्या टेबलावर येतो आणि तिथे प्रत्येक नग दोन्ही बाजूंनी पाहून पहिल्या प्रतीचा की सेकंडचा हे ठरते. पूर्वी वहीत तारीख, आकार, तपासलेले नग आणि सेकंडचे नग एवढेच लिहिले जात असे. मी त्यात दोन रकाने वाढवले होते, एक मागाच्या क्रमांकाचा आणि दुसरा दोषाच्या कारणाचा. माग क्रमांक कळावा म्हणून कापड मागावरून उतरतानाच त्याला रंगाईत न सुटणारी खूण घालण्याची पद्धत माग विभागाने मान्य केली. काही महिन्यांच्या नोंदी एकत्र लावून पाहिल्यावर असे दिसले की ताणा तुटणे, पाइल (टॉवेलवरचे सुताचे फंदे) ओढली जाणे, किनार वाकडी येणे हे दोष सगळ्या दिवसांवर सारखे पसरलेले आहेत, मात्र तेलाच्या डागांचे टॉवेल साप्ताहिक सुटीच्या दुसऱ्या दिवशी आणि तेही जुन्या मागांवरच जास्त येतात. सुटीच्या दिवशी मागांना तेलपाणी होत असे आणि दुसऱ्या दिवशी माग सुरू झाला की जादाचे तेल पहिल्या काही मीटर कापडावर उडत असे. उपाय साधा होता. तेलपाण्यानंतर माग पुसून घ्यायचा, काही वेळ रिकामा चालवायचा आणि सुरुवातीचे कापड खूण करून वेगळे ठेवायचे.

अण्णांच्या बोलण्यावरून मला हे सगळे आठवले, पण आठवण रेझ्युमेत लिहिता येत नाही, तिला आधार लागतो. मालकांची परवानगी घेऊन मी जुन्या वह्या काढल्या आणि बेरजा मांडायला बसले. हा भाग सर्वांत वेळखाऊ आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे थांबून सांगते.

बदल करण्याआधीच्या महिन्यांत दर १०० नगांमागे सुमारे ७ सेकंडचे निघत होते आणि नंतरच्या वर्षी हे प्रमाण ४ वर आले होते. हा आकडा उचलून लिहिला असता तर तो देखणा दिसला असता, पण त्यात दोन गोष्टींची भेसळ होती. पहिली गोष्ट सोलापूरच्या हवेची. इथल्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की सुताचा ओलावा जातो आणि ताणा जास्त तुटतो, तर पावसाळ्यात दमट हवेमुळे तो कमी तुटतो. एप्रिल-मेचे जुने आकडे आणि ऑगस्ट-सप्टेंबरचे नवे आकडे शेजारी ठेवले तर निम्मे श्रेय पावसाचे निघावे. म्हणून मी एप्रिल-मेची तुलना पुढच्या वर्षाच्या एप्रिल-मेशीच केली. दुसरी गोष्ट अशी की मधल्या काळात मालकांनी काही जुने माग काढून नवे रॅपिअर (बिनधोट्याचे) माग बसवले होते आणि त्यांच्यावर मुळातच दोष कमी येत होते. मागाचा क्रमांक वहीत असल्यामुळे मला जुने माग वेगळे काढता आले. फक्त जुन्या मागांवर, त्याच ऋतूत, प्रमाण ७ वरून ५ वर आलेले होते. त्या मागांवरून महिन्याला सुमारे ३०,००० टॉवेल उतरत, म्हणजे दरमहा सुमारे ६०० टॉवेल सेकंडमध्ये जाण्यापासून वाचत होते. मी रेझ्युमेत ७ वरून ४ न लिहिता ७ वरून ५ लिहिले. आकडा लहान झाला खरा, पण त्याच्यातला प्रत्येक अंश मला उलगडून सांगता येत होता, आणि नोकरी देणाऱ्यासमोर बसल्यावर त्याचीच कसोटी लागते.

या ६०० टॉवेलांचे रुपये करून लिहावेत असा मोह झाला होता. पहिल्या प्रतीचा आणि सेकंडचा भाव यांतील फरकाने गुणले की झाले. परंतु तो भाव कारखान्याचा आहे, माझा नाही. ग्राहकांची नावे, दर आणि विणीचे तपशील ही मालकांची ठेव असते आणि नोकरी सोडताना ती सोबत घेऊन जाणे मला योग्य वाटत नाही. शिवाय जुन्या मालकाची गुपिते कागदावर मांडणारा माणूस उद्या आपलीही मांडील, असा विचार नवा मालक करतोच. म्हणून मी टक्के आणि नग लिहिले, रुपये आणि नावे वगळली, आणि जे लिहिले ते मालकांना एकदा दाखवून घेतले.

वाक्य कसे बांधायचे याविषयी पुष्कळ सल्ले वाचायला मिळतात. त्यातला मला सर्वांत उपयोगी पडला तो गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे अनेक वर्षे प्रमुख असलेल्या लास्झलो बॉक यांचा. त्यांच्या सांगण्याचा आशय असा की काय साध्य केले, ते कशाने मोजले आणि ते कसे केले, या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात आल्या पाहिजेत. रेझ्युमे इंग्रजीत करायचा होता, तरी मी वाक्ये आधी मराठीतच रचली. 'मालाची तपासणी करणे' या जुन्या ओळीच्या जागी शेवटी जे वाक्य आले ते साधारण असे होते: 'दोषांची मागनिहाय नोंद सुरू करून आणि तेलपाण्यानंतरचे कापड वेगळे काढण्याची पद्धत बसवून, माग विभागाच्या सहकार्याने जुन्या मागांवरील सेकंडचे प्रमाण एका वर्षात ७ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणले.' यातील 'माग विभागाच्या सहकार्याने' हे शब्द काढून टाका, वाक्य आटोपशीर होईल, असे मला एका ओळखीच्या ताईंनी सुचवले होते. मी ते ठेवले. माग पुसणारे हात अण्णांच्या माणसांचे होते आणि ते वाक्यात असायलाच हवेत. आपल्याकडे याच्या उलट टोकही दिसते. माणूस सगळीकडे 'आम्ही केले' असे लिहितो आणि त्यात त्याचा स्वतःचा वाटा कोणता ते कळतच नाही. मी नोंद सुरू केली, मी नमुना ओळखला, पद्धत दोघांनी मिळून बसवली, असा वाटा उलगडून सांगता आला की नम्रताही राहते आणि श्रेयही बुडत नाही.

नमुना-तपासणीच्या अनुभवाबाबत वेगळा मार्ग घ्यावा लागला. निर्यातीचा माल जाण्यापूर्वी ग्राहकाचा प्रतिनिधी येऊन ठरलेल्या तक्त्यानुसार नमुने काढतो. उदाहरणार्थ, ३,२०१ ते १०,००० नगांच्या लॉटमधून सर्वसाधारण पातळीवर २०० नग काढले जातात आणि स्वीकार्य गुणवत्तेची मर्यादा (एक्यूएल) २.५ ठरलेली असेल तर त्यात १० सदोष नगांपर्यंत लॉट स्वीकारतात, ११ वा निघाला की नाकारतात. इथे निकाल बाहेरच्या माणसाने दिलेला असतो, म्हणून त्याचे वजन आपण स्वतः केलेल्या मोजणीपेक्षा जास्त. तपासणीचे अहवाल फाइलमध्ये क्रमाने लावलेले होते. शेवटच्या दोन वर्षांत माझ्या विभागातून गेलेले सगळे लॉट पहिल्याच तपासणीत मंजूर झालेले होते आणि हे वाक्य मी तेवढ्याच साधेपणाने लिहिले. तक्ता कोणता आणि मर्यादा कोणती हेही लिहिले, कारण या क्षेत्रातील वाचणाऱ्याला त्या दोन गोष्टींवरूनच कळते की लिहिणारीला काम माहीत आहे.

काही गोष्टींना आकडे नसतात आणि त्यांना ओढूनताणून आकडे चिकटवू नयेत असे माझे ठाम मत आहे. आमच्या टेबलावर तपासणी करणाऱ्या बहुतेक अक्का शाळा अर्धवट सुटलेल्या, घरी तेलुगु किंवा कानडी बोलणाऱ्या. दोषांची नावे लिहिण्याऐवजी मी प्रत्येक दोषाचा खरा तुकडा कापून एका फळ्यावर लावला आणि त्याखाली एकेक खूण दिली. टॉवेल पाहायचा, फळ्यावरच्या तुकड्याशी ताडून पाहायचा आणि चिठ्ठीवर खूण करायची. यामुळे नवी आलेली बाई लवकर तयार होऊ लागली आणि त्यांतल्या तिघी पुढे पाळीच्या प्रमुख झाल्या. 'संवादकौशल्य उत्तम' असे लिहिण्यापेक्षा हा फळा आणि या तिघी यांविषयी एक ओळ लिहिणे मला अधिक खरे वाटले. मुलाखतीत सर्वांत जास्त बोलणे याच ओळीवर झाले.

कागदाच्या मांडणीबद्दल थोडक्यात सांगते. धर्म, जात, वैवाहिक स्थिती, पतीचे नाव, पूर्ण पत्ता हे सगळे काढले, शहर, फोन आणि ईमेल ठेवले. आताची नोकरी आधी, त्याआधीची नंतर असा उलटा क्रम लावला. सगळ्यांत वर तीन ओळींचा परिचय दिला, त्यात पदनाम, अनुभवाचे क्षेत्र आणि सेकंडचे प्रमाण कमी केल्याचा आकडा. 'द लॅडर्स' या अमेरिकी नोकरीविषयक संस्थेने २०१८ मध्ये केलेल्या पाहणीत निवड करणाऱ्याची नजर पहिल्या चाळणीत एका रेझ्युमेवर सरासरी ७.४ सेकंदच राहते असे आढळले होते. आपल्याकडचा आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण मजबूत गोष्ट दुसऱ्या पानावर ठेवण्यात अर्थ नाही एवढे नक्की. रंगीत पट्ट्या, दोन रकाने, चौकटी आणि कौशल्यापुढे भरलेले गोळे असलेले नमुने आजकाल डीटीपीच्या दुकानांतून सहज मिळतात. मी ते टाळले. मोठ्या कंपन्यांकडे अर्ज आधी संगणकप्रणाली वाचते आणि तक्त्यांत किंवा चित्रांत अडकलेला मजकूर तिला पुष्कळदा नीट वाचता येत नाही. शिवाय एक्सेल ८० टक्के येते म्हणजे नेमके काय येते, हे कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी मी पिव्हट टेबल वापरून दोषांचा मासिक अहवाल तयार करत असे, हे लिहिले.

शिक्षणाची नोंद तळाशी गेली, तरी तिथे एक बारीक गोष्ट सांभाळावी लागली. माझ्या पदवीपत्रावर सोलापूर विद्यापीठ असे नाव आहे. २००४ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे नामांतर झाले. पदवीपत्रावरील नाव आणि आताचे नाव अशी दोन्ही लिहिली, म्हणजे कागदपत्रांची पडताळणी करणाऱ्याला शंका राहत नाही. नोकरीच्या तारखाही आठवणीवर न विसंबता भविष्यनिर्वाह निधीच्या संकेतस्थळावरील सेवा-इतिहासाशी ताडून महिना आणि वर्षासह लिहिल्या. नेमणुकीनंतर कंपन्या हा इतिहास पाहतात आणि तिथे दोन-तीन महिन्यांची तफावत निघाली तर चांगल्या कामाच्या ओळींवरचाही विश्वास डळमळतो.

माझा कागद पाहून शेजारच्या वहिनींनी त्यांचाही करून द्यायला सांगितले. त्या शालेय गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये सुपरवायझर आहेत. सोलापूर गणवेशांसाठी नावाजलेले आहे आणि जून उजाडण्याआधीचे दोन महिने या धंद्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. वहिनींचे म्हणणे असे की, "माझ्याकडं कसले आकडे? वेळेवर माल गेला म्हणजे झालं." मी विचारले, वेळेवर कधी गेला नव्हता का? मग त्यांनी सांगितले की त्या सुपरवायझर होण्याआधीच्या हंगामात शाळा सुरू झाल्यावरही गठ्ठे जात होते, कारण कॉलर आणि बाह्या वेगवेगळ्या टेबलांवर साठून राहत आणि आकार जुळत नसत. त्यांनी कापणीपासूनच एका आकाराचे सगळे भाग एका गठ्ठ्यात बांधून पुढे पाठवायला लावले आणि पुढच्या हंगामात शाळा उघडायच्या आत शेवटचा गठ्ठा गेला. यात टक्का नाही, पण आधीची स्थिती आहे, केलेली कृती आहे, आणि शाळा उघडण्याची तारीख हीच मोजपट्टी आहे. ज्याला आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही असे वाटते, त्याला मी आता हाच प्रश्न विचारते की तुमच्या आधी ते काम कसे होत होते.

रेझ्युमे मी नोकरी डॉट कॉमवर आणि केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिसच्या पोर्टलवरही चढवला, पण चिंचोळीच्या जागेसाठीचा अर्ज स्वतंत्र केला. त्यात जाहिरातीतील शब्द जिथे माझ्या कामाला खरोखर लागू पडत होते तिथे तेच वापरले आणि पॅकिंग विभागाच्या ओळी कमी करून तपासणीच्या ओळी वर आणल्या. एकच कागद सगळीकडे धाडणे सोपे असते, मात्र गुणवत्तेच्या जागेसाठी पॅकिंगचे गोडवे गाणाऱ्या अर्जाकडे कोण पाहणार?

मुलाखतीला उत्पादन प्रमुख आणि मनुष्यबळ विभागाच्या मॅडम होत्या. प्रमुखांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सातावरून पाच, हे तुम्ही कशावरून म्हणता?" मी वहीचे रकाने सांगितले, ऋतू सारखे का धरले ते सांगितले आणि नवे माग का वगळले तेही सांगितले. ते म्हणाले, "नवे माग धरले असते तर आकडा मोठा दिसला असता." मी म्हटले, "सर, ते माग मालकांनी आणले. त्यात माझं काही नाही." त्यानंतर त्यांनी पुढचे प्रश्न बाजूला ठेवले आणि त्यांच्याकडील शिवण विभागात किनारीचे दोष कोणत्या पाळीत जास्त येतात, याची नोंद कशी ठेवावी असे विचारू लागले. ती मुलाखत राहिली नाही, दोन तपासनिसांचे कामावरचे बोलणे झाले. मॅडमनी फळ्याविषयी विचारले आणि दोषाचा तुकडा जुना झाल्यावर रंग उडतो, मग काय करता, असा बारीक प्रश्न काढला. तुकडे दर काही महिन्यांनी बदलावे लागतात आणि जुने तुकडे तारीख घालून ठेवून द्यावे लागतात, हे मी सांगितले. कागदावरच्या प्रत्येक ओळीमागे अशी चार-पाच वाक्ये तयार असली पाहिजेत आणि ती आपण काम केलेले असेल तर आपोआप असतात.

नेमणूकपत्र आले, अनुभव प्रमाणपत्र आणि फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) दिले, सेवा-इतिहास जुळला आणि मी चिंचोळीला रुजू झाले. रुजू होताच मी शिवण विभागाचे मागील वर्षाचे महिनावार आकडे मागून घेतले, कारण सुरुवातीची स्थिती आज लिहून ठेवली नाही तर पुढे ती कोणाच्याच आठवणीत राहत नाही. किनारीच्या दोषांची पाळीनिहाय आणि मशीननिहाय नोंद आता सुरू आहे. रेझ्युमेत या नोकरीखाली सध्या पदनाम, महिना आणि वर्ष एवढेच आहे. पुढच्या एप्रिल-मेचे आकडे यंदाच्या एप्रिल-मेशी ताडून पाहिल्यावर जे निघेल, ते त्याखाली लिहीन.